छायाचित्रांचे दप्तर

डिजिटल कॅमेऱ्यामुळे छायाचित्र काढणे सोपे झाले, पण काढलेले छायाचित्र दहा वर्षांनी पुन्हा सापडणे मात्र पूर्वीपेक्षा कठीण होऊन बसले आहे. फिल्मच्या काळात एका रोलवर ३६ चित्रे येत, प्रत्येक चित्रामागे रोल धुण्याचा आणि कागदावर छापण्याचा खर्च असे, त्यामुळे कळ दाबण्यापूर्वी माणूस विचार करी आणि साऱ्या घराचा संग्रह दोन-तीन अल्बमांत व निगेटिव्हच्या पट्ट्या ठेवलेल्या एखाद्या डब्यात मावत असे. आज २४ मेगापिक्सेलच्या, म्हणजे सुमारे दोन कोटी चाळीस लाख बिंदूंचे चित्र टिपणाऱ्या कॅमेऱ्याचे एक चित्र साधारण १० एमबी जागा घेते आणि टपालाच्या तिकिटाएवढ्या ६४ जीबीच्या कार्डावर अशी सहा हजारांच्या आसपास चित्रे बसतात. फिल्मच्या हिशेबात हे दीडशेहून अधिक रोल झाले. एवढा ऐवज एखाद्या लग्नात किंवा आठवड्याच्या सहलीत जमा होतो, आणि मग तो कार्डावरच पडून राहतो किंवा संगणकावर ‘न्यू फोल्डर’ अशा नावाखाली कायमचा गाडला जातो.

ही चित्रे संगणकावर उतरवून घेणे आणि नीट लावून ठेवणे हे वरवर पाहता यांत्रिक काम वाटते, परंतु त्याच्या मुळाशी एक साधी विभागणी आहे आणि ती समजली की पुढचे सारे नियम आपोआप उलगडतात. चित्र केव्हा आणि कसे काढले हे कॅमेरा स्वतः लिहून ठेवतो, आणि साधन असल्यास कुठे काढले हेही नोंदवतो. पण चित्रात कोण आहे आणि ते का काढले हे त्याला कधीच कळत नाही. पहिल्या प्रकारची नोंद हाताळताना बिघडू न देणे आणि दुसऱ्या प्रकारची नोंद जाणत्या माणसाच्या हयातीत लिहून काढणे, एवढ्या दोन गोष्टींत या विद्येचे सार आहे.

कार्डावर नेमके काय असते

१९७५ साली ईस्टमन कोडक कंपनीतील अभियंता स्टीव्हन सॅसन याने पहिला डिजिटल कॅमेरा जुळवला, तेव्हा त्याचे चित्र आडवे १०० आणि उभे १०० अशा दहा हजार बिंदूंचे व कृष्णधवल होते आणि ते कॅसेटच्या फितीवर उतरायला २३ सेकंद लागत. पुढे फितीची जागा मेमरी कार्डाने घेतली आणि निरनिराळ्या कंपन्यांचे कॅमेरे, छपाईयंत्रे व संगणक यांना एकमेकांची कार्डे वाचता यावीत म्हणून जपानमधील इलेक्ट्रॉनिक उद्योगाच्या संघटनेने १९९८ मध्ये एक नियमावली तयार केली. कोणतेही कार्ड संगणकाला लावले की त्यावर ‘डीसीआयएम’ नावाचा फोल्डर दिसतो, तो याच नियमावलीमुळे. त्याच्या आत १०० ते ९९९ यांपैकी एखाद्या आकड्याने सुरू होणारे फोल्डर असतात, आणि प्रत्येक चित्राच्या नावात चार अक्षरे व चार अंक असतात, जसे ‘आयएमजी’ ही तीन अक्षरे, एक अधोरेषा आणि मग ०००१.

चार अंकांची ही मर्यादा ध्यानात ठेवण्यासारखी आहे, कारण ९९९९ नंतर कॅमेरा पुन्हा ०००१ वर येतो. म्हणजे एकाच कॅमेऱ्यातून काही काळाने तेच नाव असलेले दुसरे चित्र निघते, आणि एकाच कंपनीचे दोन कॅमेरे घरात असतील तर ती वेळ त्याहूनही लवकर येते. अशी दोन चित्रे एकाच फोल्डरात आणू पाहिली की त्या नावाची फाईल आधीच आहे, ती बदलायची का, असे संगणक विचारतो. घाईत ‘हो’ म्हटले की जुने चित्र पुसून त्या जागी नवे बसते. कॅमेऱ्याने दिलेले नाव हे तात्पुरते टोकन आहे, चित्राची ओळख नव्हे, असे समजून चालणे म्हणूनच शहाणपणाचे ठरते.

कार्डावरची बहुतेक चित्रे ‘जेपीईजी’ या प्रकारची असतात. १९९२ मध्ये प्रमाण म्हणून मान्य झालेली ही पद्धत चित्राचे आठ बाय आठ बिंदूंचे लहान चौकोन पाडते, प्रत्येक चौकोनातील उजेड-अंधाराच्या चढउतारांचे गणिती रूपांतर करते आणि डोळ्याला फारसा न जाणवणारा बारीक तपशील गाळून टाकते. या रूपांतराचे गणित बंगळूरमध्ये जन्मलेले नासिर अहमद यांनी टी. नटराजन आणि के. आर. राव यांच्यासह १९७४ साली मांडले होते. त्याच्या बळावर एरवी सुमारे ७२ एमबी जागा घेणारे २४ मेगापिक्सेलचे चित्र १० एमबीच्या आसपास मावते. मात्र गाळलेला तपशील परत मिळत नाही, आणि चित्रात बदल करून ते पुन्हा त्याच प्रकारात साठवले की दरवेळी थोडी आणखी गळती होते. फाईलची नुसती नक्कल केल्याने असे काही घडत नाही. शंभराव्या नकलेतही पहिल्या फाईलमधला प्रत्येक अंक जसाच्या तसा असतो.

व्यावसायिक आणि हौशी छायाचित्रकार ‘रॉ’ प्रकारच्या फाईलही ठेवतात. कॅमेऱ्यातील संवेदकावर पडलेल्या प्रकाशाची ही जवळजवळ कच्ची मोजणी असते: जेपीईजीमध्ये एका रंगाच्या काळ्यापासून उजळापर्यंत २५६ पायऱ्या असतात, तर १४ बिटांच्या रॉ फाईलमध्ये त्या १६,३८४ असतात, त्यामुळे काळवंडलेला चेहरा किंवा पांढरे पडलेले आकाश नंतर बरेच सावरता येते. ही फाईल म्हणजे एका अर्थी जुन्या काळची निगेटिव्हच होय आणि ती तशीच, मूळ रूपात, जपायची असते.

चित्राच्या पोटात आणखी एक गोष्ट दडलेली असते, ती म्हणजे ‘एक्झिफ’ नावाची नोंद. १९९५ मध्ये जपानमध्येच ठरलेल्या या पद्धतीनुसार चित्र टिपल्याची तारीख आणि वेळ सेकंदापर्यंत, कॅमेऱ्याचे व भिंगाचे नाव, प्रकाशछिद्राचे माप, पडदा किती वेळ उघडा होता तो काळ, आणि उपग्रहावरून जागा ओळखण्याची सोय असल्यास अक्षांश व रेखांश, हे सारे चित्राच्या फाईलमध्येच लिहिले जाते. संगणकावर फाईलच्या नावापुढे दिसणारी तारीख आणि ही तारीख एक नव्हेत. नक्कल करताना किंवा फाईल दुरुस्त करताना पहिली बदलू शकते, दुसरी सहसा जागेवर राहते. म्हणून चित्रे क्रमाने लावताना ‘चित्र टिपल्याची तारीख’ हाच निकष घ्यावा.

उतरवून घेणे म्हणजे नक्कल करणे

कार्डावरची चित्रे संगणकावर आणण्याचे दोन मार्ग प्रचलित आहेत. एक म्हणजे कॅमेराच तारेने जोडणे. यात संगणक आणि कॅमेरा बहुधा चित्रे देण्याघेण्यासाठी ठरवलेल्या खास भाषेत बोलतात आणि कॅमेऱ्याची बॅटरी तेवढा वेळ पुरावी लागते. दुसरा मार्ग म्हणजे कार्ड काढून कार्ड रीडरमध्ये घालणे; तेव्हा कार्ड पेन ड्राइव्हसारखे उघडते, वेग बहुधा अधिक मिळतो आणि बॅटरीची चिंता उरत नाही. मार्ग कोणताही असो, चित्रे ‘कट’ करून हलवू नयेत, त्यांची नक्कलच करावी. हलवताना मध्येच वीज गेली किंवा कार्ड सैल झाले तर काही चित्रे इकडे, काही तिकडे आणि एखादे अर्धवट, अशी अवस्था होऊ शकते. नक्कल करताना तेच घडले तरी मूळ चित्रे कार्डावर सुरक्षित असतात.

नक्कल झाल्यावर ताबडतोब कार्ड पुसण्याचा मोह आवरावा. आधी दोन्हीकडच्या फाईलींची संख्या आणि एकूण आकारमान जुळते का ते पाहावे, मग पहिली, मधली आणि शेवटची अशी काही चित्रे पूर्ण आकारात उघडावीत, कारण लहान प्रतिमा नीट दिसत असूनही मोठे चित्र खालच्या अर्ध्यात करडे निघाल्याची उदाहरणे घडतात. याहून पक्की तपासणी हवी असेल तर ‘चेकसम’ वापरतात. फाईलमधील सर्व अंकांवर ठरावीक गणित करून काढलेली ही एक लांबलचक संख्या असते आणि फाईलमधला एक अंक जरी बदलला तरी ती पूर्ण वेगळी येते; मूळ आणि नक्कल यांचे चेकसम जुळले की नक्कल तंतोतंत आहे असे समजावे. चित्रे उतरवून घेणाऱ्या काही प्रणालींमध्ये ही तपासणी आपोआप करण्याची सोय असते.

दुसरी प्रत वेगळ्या डिस्कवर गेल्यावरच कार्ड रिकामे करावे, आणि तेही कॅमेऱ्यातच ‘फॉरमॅट’ करून, म्हणजे कॅमेऱ्याला हवी तशी फोल्डरांची रचना कार्डावर नव्याने मांडली जाते. चुकून चित्रे पुसली गेली तरी लगेच हताश होण्याचे कारण नाही. साधारणपणे पुसणे म्हणजे अनुक्रमणिकेतून नाव खोडणे असते; त्या जागेवर नवे काही लिहिले जाईपर्यंत चित्राचा मजकूर बहुधा तिथेच पडून असतो. अशा वेळी त्या कार्डावर एकही नवे चित्र न काढता ते बाजूला ठेवावे आणि ‘फोटोरेक’सारख्या मोफत प्रणालीने शोध घ्यावा, बहुतांश चित्रे परत मिळण्याची शक्यता असते.

घड्याळाची चूक

कॅमेरा वेळ लिहितो खरा, पण ती त्याला लावून दिलेल्या घड्याळाप्रमाणे. या एका गोष्टीने किती घोळ होतो ते एखाद्या लग्नाच्या चित्रांत स्पष्ट दिसते. समजा, गोरज मुहूर्त संध्याकाळी ६ वाजून ४२ मिनिटांचा आहे आणि तीन कॅमेरे चालू आहेत. पहिल्याचे घड्याळ बरोबर आहे. दुसऱ्याचे, बॅटरी बराच काळ काढून ठेवल्यामुळे नीट न लावल्याने, ७० मिनिटे मागे आहे. तिसरा नवा असून जपानच्या वेळेवर, म्हणजे साडेतीन तास पुढे आहे. तिघांची चित्रे एकत्र करून वेळेच्या क्रमाने लावली की दुसऱ्या कॅमेऱ्याने टिपलेली मंगलाष्टके ५ वाजून ३२ मिनिटांची ठरतात आणि वधू गौरीहरापाशी बसलेली असतानाच्या चित्रांत मिसळतात, तर तिसऱ्याने टिपलेल्या अक्षता रात्री १० वाजून १२ मिनिटांच्या ठरून पाठवणीच्याही नंतर पडतात. अंतरपाट दूर होण्याआधी सप्तपदी आणि वरात निघून गेल्यावर कन्यादान असा हा क्रम हजारभर चित्रांत हाताने सुधारणे म्हणजे दिवसांचे काम होते.

त्यावरचा उपाय अगदी सोपा आहे. प्रसंगाच्या आरंभी सर्व कॅमेऱ्यांनी एकाच मोबाइलच्या पडद्यावरील घड्याळाचे एकेक चित्र काढावे. मोबाइल आपली वेळ सहसा नेटवर्कवरून घेतो, त्यामुळे ती विश्वसनीय असते. घड्याळात दिसणारी वेळ आणि त्या चित्राच्या पोटात लिहिलेली वेळ यांतील फरक हीच त्या कॅमेऱ्याची चूक होय. ‘डिजिकॅम’ आणि ‘लाइटरूम’ यांसारख्या प्रणाली, किंवा फिल हार्वे यांनी तयार केलेले ‘एक्झिफटूल’, एका कॅमेऱ्याच्या सर्व चित्रांची वेळ तेवढ्या फरकाने एकदम पुढे किंवा मागे सरकवून देतात.

परदेशी राहणाऱ्या मुलांकडे जाणाऱ्या आईवडिलांच्या चित्रांत असाच दुसरा घोळ होतो. उन्हाळ्यात न्यू जर्सीत दुपारचे ३ वाजलेले असताना भारतात रात्रीचे साडेबारा होऊन तारीखही पुढची लागलेली असते, त्यामुळे भारतीय वेळेवर ठेवलेला कॅमेरा नातवाच्या वाढदिवसाचे चित्र दुसऱ्या दिवसाच्या नावे नोंदवतो. एक्झिफच्या जुन्या रचनेत ही वेळ कोणत्या देशाची हे लिहिण्याची सोयच नव्हती. ती २०१६ मध्ये आली आणि पुष्कळ कॅमेरे अजूनही ती भरत नाहीत. प्रवासाला निघताना कॅमेऱ्यातील वेळेचा विभाग बदलणे हे पासपोर्ट तपासण्याइतकेच आवश्यक मानावे.

फोल्डरला काय नाव द्यावे

तारीख लिहिताना आधी दिवस, मग महिना, मग वर्ष अशी आपली सवय आहे. संगणक मात्र नाव डावीकडून एकेक अक्षर वाचत जातो. ‘०४-०१-२०२४’, ‘०४-०२-२०१९’, ‘०५-०१-२०२१’ अशी नावे दिली तर निरनिराळ्या वर्षांतल्या साऱ्या चार तारखा एकत्र येतात आणि त्यानंतर साऱ्या पाच तारखा. हेच वर्ष-महिना-दिवस या क्रमाने, दोन अंकी महिना व दोन अंकी दिवस असे लिहिले की नावांचा क्रम आणि काळाचा क्रम एकच होतो. १९८८ मध्ये आंतरराष्ट्रीय प्रमाण संस्थेने तारखेसाठी हाच क्रम ठरवला आहे. मुख्य फोल्डरात प्रत्येक वर्षाचा एक फोल्डर आणि त्यात ‘२०२४-११-२३ लग्न सातारा’ अशा नावाचे प्रसंगवार फोल्डर, एवढी मांडणी बहुतेक घरांना पुरते. फोल्डरांची नावे मराठीत देण्यास आजच्या संगणकावर काही अडचण नाही. फक्त एकाच संग्रहात देवनागरी आणि इंग्रजी असे दोन्ही अंक मिसळू नयेत, नाहीतर क्रम बिघडू शकतो.

फाईलचे नावही उतरवताना आपोआप बदलून घेता येते. तारीख, तास-मिनिटे-सेकंद आणि कॅमेऱ्याने दिलेले शेवटचे चार अंक मिळून झालेले नाव दुसऱ्या एखाद्या चित्राला असण्याची शक्यता जवळजवळ उरत नाही, आणि ती फाईल भटकत कुठेही गेली तरी आपली जन्मवेळ बरोबर घेऊन जाते.

फोल्डर व्यक्तीनुसार किंवा विषयानुसार करण्याचा मोह अनेकांना होतो, पण त्यात एक मूलभूत अडचण आहे. फाईल एका वेळी एकाच फोल्डरात राहते, आणि आजी दिवाळीत गावच्या घरी पणत्या लावत असल्याचे चित्र ‘आजी’, ‘दिवाळी’ आणि ‘गाव’ या तिन्हींमध्ये हवे असते. तिन्हीकडे नकला ठेवल्या की जागा वाया जाते आणि मूळ कोणती याचा पत्ता लागत नाही. म्हणून फोल्डर काळानुसार ठेवावेत, कारण प्रत्येक चित्राचा काळ एकच असतो. व्यक्ती, जागा आणि प्रसंग या गोष्टी नोंदींवर सोपवाव्यात.

निवड

चित्रे क्रमाने लागली की नोंदी लिहिण्यापूर्वी निवड करावी लागते. पहिल्या फेरीत फक्त निकामी चित्रे काढावीत: हललेली, पूर्ण काळी, चुकून पायरीची किंवा चपलांची निघालेली. दुसऱ्या फेरीत एकाच क्षणाच्या सात-आठ चित्रांतून एक-दोन ठेवावीत. तिसऱ्या फेरीत उत्तम चित्रांना तारांकन द्यावे, म्हणजे अल्बम छापायचा झाला की सहाशेतून साठ शोधावी लागत नाहीत. मात्र काढून टाकताना छायाचित्रणाचे गुण हाच एक निकष नसावा. एखाद्या व्यक्तीचे ते शेवटचे किंवा एकमेव चित्र असेल, अथवा माणसांच्या मागे नंतर पाडला गेलेला वाडा, बंद पडलेल्या दुकानाची पाटी किंवा तोडलेले वडाचे झाड दिसत असेल, तर चित्र थोडे अस्पष्ट असले तरी ते ठेवावे. पुढच्या पिढीला त्याचे मोल पुढे झुकलेल्या चेहऱ्यांपेक्षाही अधिक वाटू शकते.

कोण, कुठे, कशासाठी

पुण्याच्या पुराभिलेखागारात पेशवे दप्तराचे हजारो रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले कागदांचे गठ्ठे, आहेत आणि त्यांतील निवडक कागदांचे ४५ खंड रियासतकार गो. स. सरदेसाई यांच्या संपादनाखाली १९३० नंतरच्या काही वर्षांत प्रसिद्ध झाले. त्या काळातील अनेक मोडी पत्रांवर महिना आणि चंद्र, म्हणजे तिथीचा आकडा, असतो पण वर्ष नसते; लिहिणाऱ्याला आणि वाचणाऱ्याला ते ठाऊकच होते, म्हणून कोणी लिहिले नाही. परिणामी एका पत्राचे वर्ष ठरवण्यासाठी संशोधकांना मजकुरातील मोहिमा, मृत्यू आणि नेमणुका यांचे धागे जुळवत बसावे लागले, आणि काही पत्रांच्या वर्षाविषयी मतभेद उरले.

घराघरांतील छायाचित्रांची स्थिती याच्या नेमकी उलट आहे. त्यांवर वर्ष, महिना, दिवस आणि सेकंदही लिहिलेला असतो, पण माणसांची नावे नसतात, कारण तीही आज सर्वांना ठाऊकच आहेत. चाळीस वर्षांनी चित्र संध्याकाळी ६ वाजून ४२ मिनिटांनी काढले हे कळेल, परंतु दुसऱ्या रांगेतील हिरव्या लुगड्यातील बाई कोण हे सांगायला कोणी नसेल. मोबाइल आणि संगणकातील चेहरे ओळखणारी यंत्रणा एकसारखे चेहरे एकत्र करून देते; पण त्या चेहऱ्याला नाव द्यायचे काम तीही माणसालाच विचारते.

ही नोंद चित्राच्या फाईलमध्येच करता येते. वृत्तपत्रांच्या छायाचित्रांसाठी आंतरराष्ट्रीय वृत्तसंस्थांच्या संघटनेने ठरवलेली ‘आयपीटीसी’ आणि २००१ मध्ये ॲडोबी कंपनीने आणलेली ‘एक्सएमपी’ या दोन पद्धती त्यासाठी रूढ आहेत. त्यांत शीर्षक, वर्णन, स्थळ आणि हव्या तितक्या खुणेच्या शब्दांची जागा असते, आणि एक्सएमपी युनिकोडवर आधारलेली असल्याने देवनागरीत लिहिलेले वर्णन बिनधोक राहते. रॉ फाईलला हात न लावता ही नोंद त्याच नावाच्या वेगळ्या लहान फाईलमध्येही ठेवतात. ती चित्राच्या शेजारून हलू देऊ नये.

नोंद फाईलमध्ये आहे की प्रणालीच्या स्वतःच्या वहीत आहे, हा प्रश्न प्रत्येकाने आरंभीच विचारावा. गूगलची ‘पिकासा’ ही प्रणाली अनेक वर्षे मोठ्या विश्वासाने वापरली गेली आणि २०१६ मध्ये बंद झाली; चित्रांत लिहिलेली वर्णने त्यानंतरही शिल्लक राहिली, पण जी मांडणी फक्त तिच्याच नोंदींत होती, ती इतर प्रणालींना आपोआप वाचता येईना. कोणतीही प्रणाली वापरली तरी ‘नोंदी फाईलमध्ये लिहा’ हा पर्याय चालू ठेवणे हाच यावरचा उपाय होय.

शब्दांच्या निवडीतही शिस्त हवी. एकदा ‘मुंज’, एकदा ‘उपनयन’ आणि एकदा ‘व्रतबंध’ असे लिहिले तर एकाच समारंभाची चित्रे तीन शोधांत विखुरतात. ‘नागपूर’ आणि ‘नागपुर’ हे संगणकाला दोन वेगळे शब्द वाटतात. आपण कोणते शब्द वापरणार याची छोटी यादी करून ती संग्रहातच ठेवावी. नात्यांच्या नावांबाबत तर अधिकच जपावे लागते. ‘आत्या’, ‘मामी’, ‘काका’ हे शब्द लिहिणाऱ्याच्या नात्याने खरे असतात, आणि पुढची पिढी वाचू लागली की तीच आत्या कोणाची आजी तर कोणाची चुलत सासू झालेली असते. जुन्या छापील चित्रांच्या पाठीवर शाईने ‘माई, गणपतीत’ एवढेच लिहिलेले सापडते, आणि घरात माई म्हणवल्या जाणाऱ्या तिघी होऊन गेलेल्या असतात. म्हणून पूर्ण नाव, विवाहित स्त्रीचे माहेरचे नावही, मग लाडके नाव, आणि गटाचे चित्र असल्यास ‘मागील रांग, डावीकडून’ असा क्रम लिहावा.

तीन प्रती

लावलेला संग्रह एकाच डिस्कवर असेल तर तो एका पडण्याने, एका चोरीने किंवा विजेच्या एका झटक्याने संपू शकतो. छायाचित्रकार पीटर क्रोग यांनी यासाठी सांगितलेला नियम जगभर मान्य झाला आहे: तीन प्रती, दोन वेगवेगळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि त्यांपैकी एक प्रत दुसऱ्या ठिकाणी. घरच्या संग्रहात याचा अर्थ संगणकावर एक, बाहेरच्या हार्ड डिस्कवर दुसरी आणि तिसरी इंटरनेटवरील साठवणीत किंवा दुसऱ्या गावच्या भावंडाकडे असा होतो. इंटरनेटवरील साठवण संगणकाशी सतत जुळवून घेणारी असेल तर इकडे पुसलेले चित्र तिकडेही पुसले जाते, याचे भान ठेवावे. मेमरी कार्ड आणि पेन ड्राइव्ह यांत माहिती विजेच्या सूक्ष्म भाराच्या रूपात राहते आणि तो भार काळाने झिरपतो, त्यामुळे ती वर्षानुवर्षांच्या साठवणीसाठी योग्य नाहीत. हार्ड डिस्कही दर काही महिन्यांनी लावून, चित्रे उघडून पाहावी आणि काही वर्षांनी नवीन घ्यावी.

व्हॉट्सॲपवरील गट म्हणजे प्रत असे अनेक कुटुंबे धरून चालतात, ते मात्र खरे नाही. तिथे फोटो म्हणून पाठवलेले चित्र आकाराने बरेच लहान केले जाते आणि त्याच्या पोटातील एक्झिफची नोंद गळून पडते. फाईलच्या नावात दिसणारी तारीख ती पाठवल्याची किंवा मिळाल्याची असते, चित्र काढल्याची नसते. मूळ चित्र द्यायचे असेल तर ते ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवावे. याची दुसरी बाजूही लक्षात घ्यावी: मूळ फाईलमध्ये घराचे अक्षांश-रेखांशही असू शकतात, तेव्हा अनोळखी लोकांसमोर ती ठेवण्याआधी जागेची नोंद काढून टाकावी.

जुना ढीग

पंधरा-वीस वर्षांचा न लावलेला ढीग पाहून बहुतेक माणसे हे काम सुरूच करत नाहीत. त्यांनी मागून पुढे न येता आजपासून सुरुवात करावी: या महिन्याची चित्रे नियमाने उतरवावीत, आणि जुन्यांपैकी दर आठवड्याला एकच फोल्डर घ्यावा. नाव बदलणे, क्रम लावणे, दुहेरी चित्रे शोधणे ही कामे संगणक केव्हाही करील, पाच वर्षांनीही तितक्याच तत्परतेने करील. त्यांची घाई नाही. घाई आहे ती फक्त नावांची, म्हणून क्रम उलटा धरावा आणि सर्वांत वयस्कर माणसांना जी चित्रे ओळखता येतील ती आधी घ्यावीत.

त्यासाठी लॅपटॉप घेऊन त्यांच्या शेजारी बसावे, चित्र पडद्यावर मोठे करावे आणि एकेका चेहऱ्यावर बोट ठेवून विचारत जावे. नावाबरोबर ती माणसे सांगतात की ही गावची शेजारीण, हिनेच बाळंतपणात डिंकाचे लाडू पाठवले होते, आणि मागे दिसतो तो आड पुढे बुजवला. ते सारे वर्णनाच्या रकान्यात, त्यांच्याच शब्दांत, त्याच बैठकीत लिहावे. मागील रांग, डावीकडून तिसरी: या शब्दांपुढची जागा भरायला कोणताही कॅमेरा कधी शिकणार नाही, आणि ती भरू शकणारी व्यक्ती आज त्याच खोलीत बसलेली आहे.